गिझर, गॅस की हीट पंप? आधी बादल्या मोजा, मग सीओपी बघा

गेले काही महिने माझ्या फोनवर एकच जाहिरात पिच्छा पुरवतेय. 'वीजबिल ७० टक्के कमी करा, हवेतून गरम पाणी मिळवा.' एकदा चुकून क्लिक केलं आणि तेव्हापासून रील्समध्येही हीट पंपच. तुमच्याही फीडमध्ये हे आलं असेल, तर त्याला कारण आहे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर घराघरांत पोचतायत, दिवसाच्या विजेला सवलत सुरू झालीय, घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल वाढलीयत. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं तर ठरवूनच टाकलंय की १ मार्च २०२७ पासून घरातला गॅसवरचा वॉटर हीटर कायमचा बंद पडला, की त्याच्या जागी विजेवर चालणारा कार्यक्षम हीटरच बसवायचा. म्हणजे जगभर गरम पाणी गॅसवरून विजेकडे सरकतंय, आणि कंपन्यांना आपल्याकडेही बाजार दिसू लागलाय.

पण मी या विषयात शिरले ते जाहिरातीमुळे नाही. या जानेवारीत नाशिकच्या आमच्या घरी माझी आत्येबहीण बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली.

थंडी होती, खिडकी बंद होती, आणि गॅस गिझर बाथरूमच्या आतच लावलेला. नशीब एवढंच की कडी नीट लागली नव्हती. आवाज ऐकून काकू धावली, दार ढकललं, तिला बाहेर ओढलं. तासाभरात ती सावरली. पण त्या दिवशी आईनं सांगून टाकलं, "उद्यापासून हा गिझर चालू होणार नाही. काय आणायचं ते तुम्ही बघा." बाबांनी मला पुण्याला फोन केला, "अगं, तू त्या मोबाईल-बिबाईलचं लिहितेस ना, मग शोध आता."

तर मंडळी, हा त्या शोधाचा हिशेब. कुठल्या कंपनीचं मॉडेल घ्या हे यात सापडणार नाही. तुमच्या घराला हीट पंप परवडतो की नाही, हे स्वतः कसं काढायचं ते सापडेल.

बाथरूममध्ये नेमकं झालं काय?

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. छोट्या बंद खोलीत गिझर आठ-दहा मिनिटं चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. सिलेंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, पण कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तशी सोय नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग चक्कर, मग हातपाय हलेनात. माणसाला वाटतं, गरम पाण्यानं गळून गेल्यासारखं झालं. दरवर्षी थंडीत 'बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळली' अशा बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याच यामुळेच असतात.

तुमच्याकडे गॅस गिझर असेल, तर बाकी लेख नंतर वाचा, आधी हे करा: गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवून घ्या आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला बसा.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज

आता यंत्राकडे वळू. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतो. ती उष्णता आतल्या दुधाची आणि भाजीची असते. फ्रिज ती उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच करतो, फक्त तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्याच्या टाकीत टाकतो. आत तसाच कॉम्प्रेसर, तसाच रेफ्रिजरंट.

साधा गिझर उष्णता तयार करतो. १ युनिट वीज घातली की १ युनिट उष्णता मिळते, जास्त मिळूच शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती फक्त हलवतो. हलवायला कमी वीज लागते. म्हणून १ युनिट विजेत तो ३ युनिट उष्णता टाकीत आणू शकतो. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. सीओपी ३ म्हणजे विजेच्या तिप्पट उष्णता.

इथे एक गैरसमज दूर करू. 'माझा गिझर फाइव्ह स्टार आहे, मग तो कमी विजेत पाणी तापवतो.' तसं नाही. स्टोरेज गिझरचे स्टार हे तापलेलं पाणी टाकीत उभं असताना किती उष्णता वाया जाते, यावर ठरतात. पाणी तापवायला वन स्टार आणि फाइव्ह स्टार दोघांनाही तेवढीच वीज लागते. तुम्ही गिझर वीस मिनिटं लावून लगेच आंघोळ करत असाल, तर स्टारचा फरक फार पडत नाही. दिवसभर चालू ठेवत असाल, तर नक्की पडतो.

एक बादली ५ रुपये, एक शॉवर १८ रुपये

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा.

एकच आकडा लक्षात ठेवा: ८६०. १ युनिट वीज ८६० लिटर पाणी १ अंशानं तापवते. म्हणजे लिटर गुणिले अंश, भागिले ८६०, उत्तर युनिटमध्ये.

थंडीत टाकीतलं पाणी २० अंश धरू. विसण घालून आंघोळीचं पाणी ४० अंश होतं. १८ लिटरच्या एका बादलीला १८ गुणिले २० भागिले ८६०, म्हणजे ०.४२ युनिट. युनिट सगळे आकार आणि शुल्क धरून १२ रुपयांना पडत असेल, तर बादली ५ रुपयांना पडली. आता शॉवर. मिनिटाला ८ लिटर, आठ मिनिटं, म्हणजे ६४ लिटर. हे झालं दीड युनिट, म्हणजे १८ रुपये.

१२ रुपये कुठून आले? महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर चौथा. पहिला टप्पा स्वस्त असतो. पण पंखे, फ्रिज, दिवे यातच तो संपतो. गिझरचे युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात. म्हणून बिलाला एकूण युनिटनं भागून सरासरी काढू नका. तुमचा शेवटचा युनिट कोणत्या टप्प्यात पडतो ते बघा आणि तोच दर धरा. बिल महावितरणच्या अ‍ॅपमध्ये असतंच, पाच मिनिटांचं काम आहे.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. गिझरमधून त्यातली ८० टक्के पाण्यात उतरली असं धरलं, तर १४५ युनिट. सिलेंडर ९०० रुपयांचा धरला, तर पाण्यात उतरलेला एक युनिट ६ रुपये २० पैशांना पडतो. विजेच्या गिझरवर तोच १२ रुपयांना. सीओपी ३ असलेल्या हीट पंपावर ४ रुपयांना. लोक गॅस गिझर का सोडत नाहीत, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. त्यांना बेफिकीर म्हणून चालणार नाही, त्यांना खरंच ते निम्म्या खर्चात मिळतंय.

दोन घरं, दोन उत्तरं

पहिलं घर माझं, पुण्यातला भाड्याचा फ्लॅट. आम्ही तिघी राहतो, तिघीही बादलीवाल्या. रोज दीड बादली प्रत्येकी, म्हणजे ८० लिटर. वर्षाची सरासरी धरून पाणी १८ अंशांनी तापवायचं, तर १.७ युनिट रोज. उन्हाळा सोडून २५० दिवस धरले, तर ४२५ युनिट. वर्षाला ५,१०० रुपये, तिघींत वाटून. हीट पंप लावला तर यातले फार तर ३,००० वाचतील. त्यासाठी लाखभर रुपये घालायचे? पैसे वसूल व्हायला तीस वर्षं लागतील, आणि घरमालक अकरा महिन्यांनी काय म्हणेल ते वेगळंच. आम्ही १५ लिटरचा साधा गिझर ठेवलाय, ६० अंशांवर. २० मिनिटांत तापतो, विसण घालून ३० लिटर होतं. एकीची आंघोळ झाली की दुसरीचं पाणी लावायचं. विषय संपला.

दुसरं घर नाशिकचं. आई, बाबा, काका, काकू, माझा भाऊ आणि आमच्याकडे शिकायला राहिलेली ती आत्येबहीण. सहा माणसं, तीन बाथरूम. मोठी माणसं बादलीवर, बाकी तिघं शॉवरवाले. तीन जणांचं ८० लिटर आणि तीन शॉवरचं १९० लिटर, मिळून २७० लिटर. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, किमान तापमान १० अंशांच्या खाली जाणं नेहमीचं. गच्चीच्या टाकीतलं पाणी १८ अंश धरलं. थंडीचे १२० दिवस रोज ६.९ युनिट. पावसाळा आणि मधले दिवस मिळून १८० दिवस, तेव्हा ४.७ युनिट. वर्षाला साधारण १,७०० युनिट उष्णता हवी.

मग पर्याय असे दिसले:

गॅस गिझर, पण बाहेर बसवून: वर्षाला १०,५०० रुपये.
विजेचे तीन गिझर: वर्षाला २०,४०० रुपये.
हीट पंप, सीओपी जाहिरातीतला नाही तर सावधपणे २.५ धरून: ६८० युनिट, ८,२०० रुपये.

लक्षात घ्या, गॅसच्या तुलनेत हीट पंप वर्षाला जेमतेम सव्वादोन हजार वाचवतो. गॅस सुरक्षित बसवता येत असेल आणि तुम्हाला तो चालत असेल, तर निव्वळ पैशांसाठी हीट पंप घेण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मात्र आईनं गॅसचा विषयच बंद केला होता. आणि खरं सांगायचं तर, दार ढकलतानाचा काकूचा चेहरा मी व्हिडिओ कॉलवर पाहिलाय. मी पण वाद घातला नाही.

म्हणजे सामना विजेचा गिझर विरुद्ध हीट पंप. २०० लिटरच्या हीट पंपाचं कोटेशन आलं १ लाख १० हजार, प्लंबिंगचे १२ हजार वेगळे. तीन गिझर २७ हजारात येत होते. फरक ९५ हजारांचा, वार्षिक बचत १२ हजारांची. आठ वर्षं. बाबा म्हणाले, "आठ वर्षांनी यंत्र राहील का?"

प्रश्न बरोबर होता. नीट वापरलं तर दहा-बारा वर्षं चालायला हरकत नाही, पण ते वॉरंटीत लिहून मिळत नाही. पारडं झुकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. सकाळी साडेसहाला तीन बाथरूममध्ये २ किलोवॉटचे तीन गिझर एकदम चालू म्हणजे ६ किलोवॉट. आमचा मंजूर भार ३ किलोवॉट. भार वाढवायचा, मीटरपासून जाड वायर ओढायची, स्थिर आकार वाढणार. हीट पंप मात्र चालताना एक किलोवॉटपेक्षा कमी घेतो आणि तेही दुपारी. वायरिंगचा खर्च मोजल्यावर आठाची सहा वर्षं झाली. मग बाबा हो म्हणाले.

सोलर वॉटर हीटर का नाही?

हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा. गच्ची तुमची असेल, दिवसभर ऊन असेल आणि पाणी फार जड नसेल, तर सोलर वॉटर हीटर आजही सगळ्यात स्वस्त गरम पाणी देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. पुणे महापालिकेसारख्या काही महापालिका मालमत्ता करात सवलत देतात. पावसाळ्यात तो झोपतो, बोअरच्या पाण्यानं नळ्यांत क्षार बसतात, सोसायटीत चौथ्या मजल्यापर्यंत पाणी येईस्तोवर तीन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं. पण बंगल्यावर, रो-हाउसवर तो पहिला पर्याय असला पाहिजे.

आमच्या गच्चीवर अडचण वेगळी. पीएम सूर्यघर योजनेतून गेल्या वर्षी ३ किलोवॉटची पॅनेल लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली, ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, त्यामुळे आमच्या गल्लीत निम्म्या घरांवर पॅनेल दिसतील. पॅनेलनी जवळजवळ ३०० चौरस फूट जागा घेतली. उरलेल्या कोपऱ्यावर दुपारी दोननंतर शेजारच्या इमारतीची सावली येते, आणि सकाळी तिथे आई-काकूंच्या कुरडया वाळतात. कुरडयांची जागा मागायची हिंमत घरात कुणाची नाही.

आता पॅनेल असलेल्यांनी नीट ऐका. नेट मीटरिंगनंतर तुमचं बिल आधीच शून्यावर आलं असेल आणि वर्षाअखेर युनिट शिल्लक राहत असतील, तर वाचलेल्या युनिटची किंमत १२ रुपये धरू नका. शिल्लक युनिटला मिळणारा दर फार कमी असतो. अशा घरात हीट पंपाचं गणित कोसळतं, कारण गिझरला वीज जवळजवळ फुकट मिळतेय. आमच्याकडे पॅनेल असूनही महिन्याला १०० युनिटच्या आसपास बिल येतं. गिझर आले असते तर आणखी १४० युनिट वाढून आम्ही दुसऱ्या टप्प्यात गेलो असतो. म्हणून आमचं गणित टिकलं.

दिवसाची स्वस्त वीज: बातमी मोठी, फायदा किती?

केंद्रानं जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियम बदलले. शेती सोडून सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लागू करायचे आणि सौर तासांतली वीज स्वस्त द्यायची, असं ठरलं. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे.

हीट पंप विकणारे हा मुद्दा हमखास सांगतात. पण हिशेब करा: वर्षाचे ६०० युनिट गुणिले ८० पैसे, म्हणजे ४८० रुपये. एका पिझ्झाची बचत. यावर लाखाचा निर्णय घेऊ नका.

पण यामागची दिशा महत्त्वाची आहे. दुपारी सोलरची वीज भरपूर, संध्याकाळी आणि पहाटे टंचाई, हे चित्र दरवर्षी जास्त ठळक होतंय. दिवसा आणि रात्रीच्या दरातलं अंतर पुढे वाढलं, तर जो दुपारी साठवू शकतो त्याचा फायदा. १५ लिटरचा गिझर दुपारी तापवून सकाळपर्यंत ठेवता येत नाही. चांगल्या इन्सुलेशनची २०० लिटरची टाकी ठेवू शकते. आपल्या आजीच्या काळात तांब्याचा बंब पहाटे पेटायचा. आता बंब दुपारी पेटवायचा आणि पहाटे पाणी घ्यायचं. टाकी ही एक प्रकारची बॅटरीच झाली, आणि लिथियमच्या बॅटरीपेक्षा फार स्वस्त.

दुपारी चालवण्याचा दुसरा फायदा यंत्राला होतो. हवा जितकी गरम, तितकी उष्णता उचलणं सोपं. जानेवारीत नाशिकला पहाटे ८ अंश असतात, दुपारी २७-२८. तेच यंत्र, तेच पाणी, पण पहाटे चालवलं तर जास्त वीज खाणार. म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ लावा.

घेताना हे विचारा

सीओपी कोणत्या तापमानाला? जाहिरातीत ४ किंवा ४.५ लिहिलेलं असतं. हवा किती अंश, पाणी किती अंशांपर्यंत तापवलं, हे बारीक अक्षरात शोधा. हवा गरम आणि पाणी कोमट ठेवून कुणीही मोठा आकडा काढू शकतो. पाणी ५५ अंशांपर्यंत तापवतानाचा आकडा मागा. विक्रेता सांगू शकला नाही, तर ते पण एक उत्तरच आहे.

रेफ्रिजरंट कोणता? आर-१३४ए आणि आर-४१०ए हे जुने, हवामानाला जास्त घातक. आर-३२ त्यापेक्षा बरा. आर-२९० म्हणजे प्रोपेन, हवामानावर परिणाम नगण्य आणि पाणी जास्त गरम करू शकतो, पण ज्वलनशील असल्यामुळे यंत्र मोकळ्या हवेतच बसवायचं. किगाली करारानुसार भारत २०२८ मध्ये एचएफसी गोठवणार आणि २०३२ पासून कपात करणार. दहा वर्षं वापरायच्या यंत्रात गॅस भरायची वेळ आली तर तो मिळेल का, हा प्रश्न आत्ताच विचारायचा.

टाकी कशाची, अ‍ॅनोड रॉड बदलता येतो का? पाण्यातले क्षार टाकी खातात, अ‍ॅनोड रॉड स्वतः झिजून टाकी वाचवतो. बोअरचं पाणी असेल तर हा रॉड दरवर्षी उघडून बघावा लागतो.

आतला हीटर बंद करता येतो का? बहुतेक हीट पंपांत थंडीसाठी साधी कॉइलही असते. ती गुपचूप चालू राहिली, तर तुम्ही लाखाचा गिझर घेतला असं समजा.

वाय-फायशिवाय चालतो का? अ‍ॅप छान दिसतं, पण टायमर यंत्रावरच्या बटणांवरून लावता आला पाहिजे. कंपनीचा सर्व्हर बंद पडला म्हणून आंघोळ थांबता कामा नये.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तुमच्या शहरात तो दुरुस्त कोण करणार? गिझरची कॉइल कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलतो. हीट पंप म्हणजे एसीसारखं काम. मी विक्रेत्याऐवजी सर्व्हिसवाल्याला फोन केला आणि विचारलं, नाशिकमध्ये तुमची किती माणसं आहेत? एका कंपनीचं उत्तर होतं, "मॅडम, मुंबईहून येतील." ती यादीतून गेली.

बसवल्यावर काय झालं

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यंत्र लागलं. बसवणाऱ्यानं ते स्वयंपाकघरामागच्या बंदिस्त अडगळीच्या खोलीत ठेवलं, 'पावसापासून वाचेल' म्हणून. तीन दिवसांनी बाबांचा फोन, "अगं, त्या खोलीत एसी लावल्यासारखं गार होतंय." बरोबरच होतं. हीट पंप हवेतली उष्णता काढून गार हवा बाहेर टाकतो. बंद खोलीत तीच गार हवा तो पुन्हा ओढत होता. वीज मोजणाऱ्या १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर मी पुण्यात बसून बघत होते, रोज ३.३ युनिट. दाराला जाळीचा झरोका पाडला आणि गार हवेचा डक्ट बाहेर काढला. आकडा २.४ वर आला. आमच्या वापराच्या अंदाजानं हा सीओपी २.८ पडतो. खोक्यावर ३.८ छापलंय. टाकीतून रात्रभर गळणारी उष्णता खोक्यावर छापत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. आवाज येतो, बाहेरच्या एसीसारखा. दुपारी चालतो म्हणून चालून जातं, रात्री बेडरूमच्या भिंतीला नको. आणि आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत जाऊ द्या. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. बऱ्याच मॉडेलमध्ये यासाठी वेगळं सेटिंग असतं, ते बंद करून वीज वाचवायला जाऊ नका.

मग तुम्ही काय करायचं?

दोन-तीन माणसं, बादलीची आंघोळ, भाड्याचं घर: साधा गिझर, वापरापुरता चालू करा. हीट पंपाची जाहिरात 'नॉट इंटरेस्टेड' करून टाका.

स्वतःची उन्हातली गच्ची: आधी सोलर वॉटर हीटर बघा.

पाच-सहा माणसं, शॉवर, दोन-तीन बाथरूम, शेवटचा युनिट महाग टप्प्यात: हीट पंपाचं कोटेशन मागवायला हरकत नाही. होमस्टे, मेस, हॉस्टेल असेल तर नक्की मागवा, तिथे रोज पाणी जास्त लागतं म्हणून पैसे लवकर फिटतात.

मुंबई, कोकण, गोवा: हवा उबदार आणि दमट, म्हणजे हीट पंपाला उत्तम. पण तिथे पाणी तापवायचंच कमी असतं, म्हणून बचतही कमी. हा विरोधाभास विक्रेता सांगणार नाही.

आणि घर कुठलंही असो, आज रात्री एक काम करा. घरी फोन लावा आणि विचारा, गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे का? आमच्या घरात तो सात वर्षं आत होता. सात वर्षं आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं, आणि कुणीच काही बोललं नाही. हीट पंप घ्यायचा की नाही, हे आठवडाभर विचार करून ठरवता येईल. हा फोन मात्र आजच करा.